मनात न बोलणारे काका

काकांच्या घरी राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, त्यांनी सामानाच्या खोलीत कुणालातरी ठेवलंय.

सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक बिनखिडकीची खोली असते. जाड भिंती, लोखंडी दार. युद्धबिद्ध झालंच तर आत जाऊन बसायचं म्हणून तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात, पण लोक तिथे तांदळाच्या पिशव्या, जुन्या बॅगा आणि बंद पडलेले पंखे ठेवतात. एका संध्याकाळी मी विद्यापीठातून आले तर ते दार बोटभर उघडं होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता.

"तीन नंबरची मोटर गरम होते. होते, पण मोटरचा दोष नाही. मग कुणाचा? थांब. कपलिंग. कपलिंग वाकडं बसलं आहे. हां."

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "हां, तेच."

आतून दुसरं कुणी बोलत नव्हतं. मी माझ्या खोलीत जाऊन कडी लावली. पुण्याला आईला फोन करावा का, केला तर काय सांगावं, याची मनात चार वेळा तालीम केली. तेवढ्यात काका बाहेर आले. हातात भरगच्च लिहिलेले दोन कागद.

"रिपोर्ट होता कंपनीचा," ते म्हणाले. "बोलल्याशिवाय मला समजतच नाही मी काय विचार केला ते. हिला त्रास व्हायचा, म्हणून आत बसून बोलायची सवय लागली."

'ही' म्हणजे काकू. त्या जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

काका नागपूरचे. तरुणपणी नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि इथलेच झाले. आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत यंत्रांची देखभाल बघायचे. वय साठीच्या जरा पुढे, अंगाने किरकोळ, केस बारीक कापलेले, आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच कुणी प्रश्न विचारल्यासारखा भाव. राहायला बुकित बातोकला, नवव्या मजल्यावर. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात होते, जुन्या घरमालकिणीने फ्लॅट विकायला काढला होता, आणि रविवारच्या बुद्धवंदनेला येणाऱ्या एका दादाने सुचवलं, "काकांकडे एक खोली रिकामी आहे. माणूस चांगला आहे. जरा विचित्र आहे."

ते विचित्रपण अंगवळणी पडायला मला दोनेक महिने लागले. काकांना काहीही विचारलं की उत्तर येण्याआधी एक मोठी जागा रिकामी जायची. चहा घेणार का, एवढ्या प्रश्नालासुद्धा. तुम्हाला वाटावं की ऐकू गेलं नाही, म्हणून तुम्ही पुन्हा विचारावं, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी "हो" म्हणावं. फोनवर तर फारच पंचाईत. "हॅलो" म्हणून ते गप्प व्हायचे. बँकेतून, विमा कंपनीतून फोन करणारे लोक कंटाळून आपणच ठेवून द्यायचे.

बाजाराला जाताना ते यादी करत नसत. संपलेल्या वस्तूंची रिकामी पाकिटं आणि बाटल्या पिशवीत भरून घेत, दुकानात एक एक काढून बघत, आणि तीच वस्तू उचलत. मी म्हटलं, "काका, फोनवर लिहून घ्या ना." ते म्हणाले, "लिहिलं तर दुकानात वाचावं लागेल. वाचून मग ती वस्तू कशी दिसते ते आठवावं लागेल. बाटली दाखवली की काम झालं."

यंत्रांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा आमचं वॉशिंग मशीन खडखडायला लागलं. काकांनी त्याच्या अंगावर तळवा ठेवला, डोळे मिटले नाहीत की मान वाकडी केली नाही, नुसते उभे राहिले. मग खाली वाकून मागचा उजवा पाय अर्धा फेरा फिरवला. खडखड थांबली. कसं कळलं, म्हणून मी विचारलं. त्यांनी खूप वेळ प्रयत्न केला, हाताने हवेत काहीतरी वाकडं आणि मग सरळ करून दाखवलं, आणि शेवटी म्हणाले, "असं होतं ते. तसं केलं."

त्यांच्या डोक्यात काय वेगळं आहे ते आम्हाला दोघांनाही कळलं ते अगदी साध्या कारणाने. माझ्या हातून त्यांची काचेची बरणी फुटली होती. काकूंची होती. मी काच गोळा केली, दुसरी बरणी आणली, आणि ते आल्यावर सगळं सांगून टाकलं. त्यांनी फक्त "काच पायात गेली नाही ना?" एवढंच विचारलं. मी सुटकेने बोलून गेले, "मी तर मनात म्हटलं, आता काका मला घराबाहेरच काढणार."

काका जेवत होते. घास हातात तसाच राहिला.

"मनात म्हटलं म्हणजे काय?"

"म्हणजे मनातल्या मनात म्हटलं."

"शब्द?"

"हो. शब्दच."

"आवाज येतो?"

मी हसले. मग त्यांचा चेहरा बघून थांबले. म्हटलं, "कानात नाही येत. पण आत ऐकू येतो. माझाच आवाज. कधी आईचा. तुम्हाला नाही येत?"

"नाही," काका म्हणाले. "कधीच नाही." आणि मग, बऱ्याच वेळाने, "लोक म्हणतात ना, पोटात कावळे ओरडून राहिले. कुणाच्या पोटात कावळे असतात का? मला वाटायचं 'मनात म्हटलं' पण तसंच आहे. बोलायची पद्धत आहे."

एकसष्ट वर्षांचा माणूस होता तो. शाळा, कॉलेज, लग्न, नोकरी सगळं पार पडलं होतं, आणि बाकीचं जग आतल्या आत बोलत असतं ही गोष्ट त्या दुपारी त्यांना पहिल्यांदा कळत होती.

ते मला प्रश्न विचारायला लागले. सारखा चालू असतो का? हो, जवळजवळ सारखा. बसमध्ये? बसमध्ये तर हमखास. काय बोलतो?

माझं तेव्हा बरं चाललं नव्हतं. पाणी गाळण्याच्या पातळ पडद्यांवर माझं संशोधन होतं आणि वर्षभर एकही पडदा मनासारखा बनला नव्हता. मी खरं ते सांगितलं. "म्हणतो की तुझ्याच्याने हे होणार नाही. इथे आलीस हेच चुकलं."

"रोज?"

"रोज."

"मग तू तो काहून ऐकते? उठून दुसऱ्या खोलीत जा."

"काका, तो बरोबर येतो."

"आंघोळ करताना पण?"

"आंघोळ करताना तर जास्त."

"बाप रे," काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पपई आणली. आजारी माणसाला आणावी तशी.

त्यानंतर पंधरा दिवस ते दिसेल त्याला विचारत सुटले. शेजारच्या चिनी आंटीला विचारलं. ती म्हणाली, माझ्या डोक्यात माझी सासू बोलते, मरून वीस वर्षं झाली तरी. खालच्या कॉफी शॉपमधल्या अंकलला विचारलं. तो म्हणाला, "ऑलवेज टॉकिंग लाह, कॅनॉट स्टॉप." काका प्रत्येक उत्तर घरी येऊन मला सांगायचे. एखाद्या नव्या देशात जाऊन आलेला माणूस तिथल्या चालीरीती सांगतो तसे.

वार्षिक तपासणीला गेले तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही विचारलं. म्हणाले, "डॉक्टर, बाकीच्या लोकांना डोक्यात आवाज ऐकू येतो. मला येत नाही. एकदा बघून घ्या." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, हे बाकीचे लोक कोण? काका म्हणाले, "माझ्याकडे एक मुलगी राहते. तिला तर दिवसभर ऐकू येतो. तिच्यावर ओरडतो." डॉक्टरांनी एक चिठ्ठी लिहून दिली. ती मानसोपचार विभागासाठी होती, आणि माझ्यासाठी होती.

आम्ही काही मराठी बौद्ध मंडळी महिन्यातून दोन रविवार एका हॉलमध्ये जमायचो. बहुतेक सगळे इंजिनियर, काही संशोधक, त्यांची मुलंबाळं. वंदना व्हायची, मग थोडं ध्यान, मग जेवण. एकदा बाहेरून एक ध्यानशिक्षक आले होते. ते म्हणाले, "मनात बडबड चालेल. चालू द्या. तिच्याकडे नुसतं बघा. हळूहळू ती शांत होईल." अर्ध्या तासाने त्यांनी प्रत्येकाला अनुभव विचारला. सगळ्यांनी तेच सांगितलं, खूप बडबड होती, ऑफिस आठवलं, फोन आठवला. काकांची पाळी आली. नेहमीची रिकामी जागा गेली. मग ते म्हणाले, "माझ्या मनात काही नव्हतं. मी एसी ऐकत होतो. त्याचं बेअरिंग गेलं आहे."

शिक्षकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले. जेवताना दोन तरुण इंजिनियर येऊन काकांच्या शेजारी बसले आणि दबक्या आवाजात विचारायला लागले, किती वर्षांची साधना आहे, रोज किती वेळ बसता. काका इतके वैतागले की ताक न घेताच उठले. घरी येताना बसमध्ये म्हणाले, "मी काही केलंच नाही, अन् हे पाया पडून राहिले. बेअरिंगचं कुणी मनावर घेतलं नाही." पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा जमलो तेव्हा तो एसी बंद पडलेला होता.

हे सगळं मी हसत हसत लोकांना सांगायचे. पण त्या घरात एक गोष्ट होती जी हसण्यासारखी नव्हती.

काकांना एक मुलगी. मी तिला ताई म्हणायचे. फिजिओथेरपिस्ट, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात कामाला, तिकडेच मैत्रिणीबरोबर भाड्याने राहायची. महिन्यातून एका रविवारी यायची. येताना भाज्या, फळं, दही घेऊन यायची, फ्रिज आवरायची, जुनं काय ते फेकायची, आणि तासाभरात निघून जायची. बोलणं फ्रिजबद्दलच. "पप्पा, हे एक्स्पायर झालंय." "हो." "पप्पा, अंडी संपवा." "हो."

एकदा मी तिला खाली बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले तेव्हा ती आपणहून बोलली. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. तिचं मराठी आणि इंग्रजी एकाच श्वासात यायचं.

"आई गेली ना, त्या दिवशी मी ड्यूटीवरून धावत आले. टेन मिनिट्स लेट. हॉस्पिटलच्या खोलीत पप्पा खुर्चीवर बसलेले. माझ्याकडे बघितलं पण नाही. मी विचारलं, पप्पा, काय विचार करताय? म्हणाले, काही नाही. मग पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीला, सगळे आईबद्दल बोलले. यांना बोलायला सांगितलं, तर हे उभे राहून नुसते गप्प. घरी आल्यावर मी परत विचारलं, पप्पा, तुमच्या मनात काय चाललंय? म्हणाले, काही नाही. आणि जेवले. दोन पोळ्या. थर्टी इयर्स तिने त्यांचं सगळं केलं. अँड देअर इज नथिंग. ते खोटं बोलत नाहीत, आय नो. म्हणूनच."

बस आली आणि ती गेली.

काचेच्या बरणीची दुपार त्यानंतर महिन्याभराने आली. मला वाटलं, माझ्या हाती किल्लीच लागली. मी त्याच आठवड्यात तिला फोन केला. फोन करण्याआधी काय बोलायचं ते तीनदा मनात घोळवलं होतं, त्यामुळे बोलले पण सफाईने. की ताई, अशी माणसं असतात, त्यांच्या आत शब्दच नसतात, तू मनात काय चाललंय विचारलंस आणि त्यांनी शब्द शोधले, सापडले नाहीत, म्हणून 'काही नाही' म्हणाले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला सहा महिने झाले ना तिथे राहून?"

"हो."

"मला बत्तीस वर्षं झाली. मी हेल्थकेअरमध्ये आहे, मला माहिती आहे असे लोक असतात. माझ्या वडिलांबद्दल मला हे एका टेनंटने फोनवर सांगावं?" आवाज चढला नव्हता. "आणि समजा असेल तसं. त्याने काय होतं? मला त्या दिवशी कुणीतरी जवळ घ्यायला पाहिजे होतं. त्याला शब्द लागतात का?"

तिने फोन ठेवला. त्या महिन्याच्या तिच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. काकांनी दही संपलं तेव्हा रिकामा डबा पिशवीत टाकला आणि स्वतः जाऊन आणलं. मी केलेला उद्योग मी त्यांना सांगितला नाही. पुढे कितीतरी दिवस आंघोळ करताना मला ताईचंच वाक्य ऐकू यायचं.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी मी माझा डबा भरत होते. काका चहा गाळत होते. गाळणी त्यांच्या उजव्या हातातून सुटली, मग पातेलं कलंडलं आणि चहा ओट्यावरून खाली वाहायला लागला. ते हाताकडे बघत राहिले. मी विचारलं, "काका, भाजलं का?" त्यांनी तोंड उघडलं. जे बाहेर आलं त्याला शब्द म्हणता येणार नाही. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओढला होता.

माझ्या डोक्यात एकदम इतका गोंधळ झाला की मला हलताच येईना. काका मात्र शांत होते. मला अजूनही ते आठवलं की नवल वाटतं. त्यांनी डाव्या हाताने गॅसकडे बोट दाखवलं. मी गॅस बंद केला. मग त्यांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट नेलं आणि 'नाही' असा हात हलवला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि ते तिथेच धरून ठेवलं, मी घड्याळाकडे बघेपर्यंत. सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. यंत्र बंद पडलं की आधी वेळ लिहायची, ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय.

अँब्युलन्स आली. पश्चिमेकडच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, नेमकं किती वाजता सुरू झालं? मी छातीठोकपणे सांगू शकले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती, आणि ती विरघळवायचं औषध ठरावीक तासांच्या आतच देता येतं. ते वेळेत दिलं गेलं.

ताई पोचली तेव्हा युनिफॉर्मवरच होती. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि आत गेली.

हात दोन-तीन दिवसांत थोडा हलायला लागला. वाचा मात्र आली नाही. 'पाणी' म्हणायला जायचे आणि भलतंच काहीतरी यायचं, ते त्यांनाच ऐकू यायचं आणि ते तोंड मिटून घ्यायचे. शेजारच्या खाटेवर असाच एक गृहस्थ होता, त्याची वाचा गेली होती, तो दिवसभर रडायचा, उशी फेकायचा. एक नर्स ताईला म्हणाली, तुमचे वडील फारच शांत आहेत, त्यांना काय झालंय ते कळतंय ना? डॉक्टरांनाही तीच शंका होती. त्यांनी डोळ्यांसमोर चित्रं धरली, ठोकळे रचायला दिले. काकांनी ते ठोकळे डाव्या हाताने पटापट रचले आणि शेवटचा एक ठोकळा डॉक्टरांना परत दिला, कारण तो कोपऱ्यात झिजलेला होता आणि नीट बसत नव्हता.

ताई हे सगळं बघत होती. मला वाटतं, आपल्या वडिलांना विचार करताना ती तेव्हा पहिल्यांदाच बघत होती. एरवी आम्ही सगळे त्यांच्या बोलण्याची वाट बघायचो आणि ते कमी पडलं की माणूसच कमी धरायचो.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी खुणेने पेन मागितलं. ताईने दिलं. हॉस्पिटलच्या जेवणाच्या मेनूचा कागद होता, तो त्यांनी पालथा केला आणि डाव्या हाताने काढायला लागले. रेघा थरथरत होत्या, पण एकही रेघ त्यांनी दोनदा काढली नाही. चौकोन, त्यात खाट, खिडकी, सलाईनचा स्टँड. मला वाटलं, याच खोलीचं चित्र काढतायत. मी म्हटलं, "काका, खिडकी दुसऱ्या बाजूला आहे."

"थांब," ताई म्हणाली.

त्यांनी पडदा काढला. पडद्याच्या वरच्या कड्या मोजून काढल्या, आणि मधल्या दोन काढल्याच नाहीत, तिथे पडदा लोंबता दाखवला. खाटेवर पांघरूण काढलं आणि त्याच्या बाहेर दोन पावलं. खाटेशेजारी खुर्ची, खुर्चीवर एक माणूस. मग दारात एक आकृती. खांद्याला बॅग. पायात बूट, आणि एका बुटाची नाडी सुटून जमिनीवर आलेली.

ताईने खाटेची कड धरली. "आई गेली त्या दिवशी माझी लेस सुटली होती," ती मला म्हणाली. "लिफ्टमध्ये मी अडखळले होते. मी हे कुणालाच सांगितलं नाहीये."

काकांनी पेन खाली ठेवलं. बोट खुर्चीवर ठेवलं. मग ते बोट खुर्चीवरून दाराकडे सरकवलं आणि निम्म्या वाटेत थांबवलं. तिथेच ठेवलं. पुन्हा खुर्चीवर नेलं, पुन्हा दाराकडे सरकवलं, पुन्हा तिथेच थांबवलं. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्यांनी ताईकडे बघितलं आणि दुसरा, अधू हात तोंडापर्यंत नेऊन 'नाही' असा हलवला.

ते उठले होते. दाराकडे निघाले होते, आणि पोचल्यावर काय बोलायचं ते सापडलं नाही म्हणून मधेच थांबून परत खुर्चीवर बसले होते.

"मी खाली बघत होते," ताई म्हणाली. "मी बघितलंच नाही." मग इंग्रजीतून, त्यांनाच, "आय डिडन्ट सी, पप्पा."

तिने आपलं बोट कागदावरच्या दारात ठेवलं आणि सरकवत त्यांच्या बोटापाशी आणलं. मग उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. काकांनी तेवढ्यात कागद उलटा करून उद्याच्या जेवणात माशांवर खूण केली.

यानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. काका दोन आठवड्यांनी घरी आले आणि ताई आठवड्यातून तीनदा यायला लागली, पण ती यायची ती थेरपिस्ट म्हणूनच. हात वर करा, दहा वेळा, पप्पा, नऊ झाले, चीटिंग नको. एकदा त्यांनी भिंतीकडे तोंड करून बसणं पत्करलं इतकी ती ओरडली. काकूंची आठवण निघाली की अजूनही तिचा स्वर कडक व्हायचा. पण ती आता प्रश्न विचारून त्यांच्या तोंडाकडे बघायची नाही. त्यांच्या हातांकडे बघायची.

वाचेच्या व्यायामांसाठी एक तरुण चिनी बाई होती. फार मायाळू. ती काकांना म्हणायची, घाई करू नका, शब्द आधी मनात म्हणा, मग तोंडाने. काका तिच्याकडे नम्रपणे बघत राहायचे. दोन-तीन वेळा असं झाल्यावर ताई म्हणाली, "ही डझन्ट हॅव दॅट वन."

"सॉरी?"

"मनात म्हणणं. माझ्या पप्पांना ते नाही. स्ट्रोकच्या आधीपासून नाही, जन्मापासून नाही. नेव्हर हॅड." ताईने हे साध्या इंग्रजीतून सांगितलं, एखाद्याला मूत्रपिंड एकच आहे असं सांगावं तसं. "तुम्ही वस्तू हातात द्या. वर्ड्स विल कम."

मग वस्तू हातात द्यायला सुरुवात झाली, आणि शब्द यायला लागले. सरळ नाही आले. चमच्याला महिनाभर 'स्क्रू' म्हणत होते. मला एकदा त्यांनी 'गाळणी' अशी हाक मारली आणि आम्ही तिघेही हसलो, ते सगळ्यात जास्त. आणि एका सकाळी खालच्या कॉफी शॉपमध्ये, अंकलने कप समोर धरला तेव्हा, अगदी स्पष्ट म्हणाले, "कोपी ओ कोसोंग." बिनदुधाची, बिनसाखरेची. अंकलने ते तीन टेबलांना ओरडून सांगितलं.

माझ्या पडद्यांचंही पुढे झालं. कसं झालं ते सांगण्यासारखं नाही, बारा वेळा फसलं आणि तेराव्या वेळी बनलं. डोक्यातला आवाज काही गेला नाही. एवढं मात्र झालं की तो फार चढला की मी बाहेर जाऊन काकांच्या शेजारी बसायचे. त्यांना कळायचं. ते वर्तमानपत्राचं अर्धं पान माझ्याकडे सरकवायचे. मी वाचायचे, ते वाचायचे. अर्ध्या तासाने मी उठून कामाला लागायचे.

पुढच्या वर्षी मला हैदराबादला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी ताई मुद्दाम सुट्टी घेऊन आली. बॅगा तिने लिफ्टपर्यंत ओढत आणल्या. मी काकांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मधेच धरलं, तसलं त्यांना आवडत नसे. लिफ्ट आली. आतून शेजारची आंटी भाजीची पिशवी घेऊन आमच्याच मजल्यावर उतरत होती. मी बॅगा आत ठेवल्या आणि वळले.

काकांनी तोंड उघडलं होतं. "तू," ते म्हणाले आणि अडकले.

लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं. ताईने पाय मधे घातला. दार मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा तिच्या बुटाला लागून मागे गेलं. मला शब्द सुचवावासा वाटत होता. पाच-सहा शब्द जिभेवर होते. ताईने माझ्याकडे बघून मान हलवली, नको. लिफ्ट पीं पीं करायला लागली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बटण दाबत होतं. आंटी पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहिली होती. ती काकांना म्हणाली, "टेक युअर टाइम लाह. लिफ्ट कॅन वेट."

काका माझ्याकडे बघत होते. डावा हात वर आला, हवेत काहीतरी चौकोनी केलं, घरासारखं, आणि मग तो हात त्या चौकोनाच्या आत अलगद ठेवला.

"तू होतीस," ते म्हणाले. "ते बरं होतं."

त्या वेळी मी मनात काय म्हटलं ते मला आता आठवत नाही. तोंडाने "हो, काका" म्हटलं, तेवढं आठवतं. मग ताईने पाय काढून घेतला.